गप्प बसायचं प्रशिक्षण

माझा नवरा माझ्याकडे फार काही मागायचा नाही. शेवटच्या आजारपणात मात्र त्याने एक गोष्ट मागितली होती. म्हणाला, "रंभे, पाच मिन्टा गप बस." ती काही मला देता आली नाही. चौतीस वर्षं अंगणवाडीत चाळीस पोरांच्या आवाजावर आवाज काढलेली बाई मी. आमच्या जूचंद्र गावात दवंडी पिटायची पद्धत बंद पडली ती माझ्यामुळे, असं माझे दीर म्हणायचे.

तर अशा बाईने गेल्या भाद्रपदात चक्क गप्प बसण्याचं प्रशिक्षण घेतलं. त्या प्रशिक्षणात मी एका जिवंत माणसाला कसं मारलं आणि ते मरण त्याला कसं मानवलं, ते सांगते.

नायगावच्या एका संस्थेने साठी उलटलेल्या आम्हा बारा जणांना गोळा केलं होतं. मनाचा डॉक्टर आमच्या दवाखान्यात महिन्यातून दोन गुरुवारी येतो. तिथवरही म्हातारं माणूस पोचत नाही, कारण ते आजारी आहे हेच घरच्यांना कळत नाही. म्हणून गावातल्याच वयस्कर माणसांना शिकवायचं. त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसायचं, ऐकायचं, आणि गरज दिसली तर डॉक्टरपर्यंत न्यायचं. आमचं नाव ठेवलं होतं 'मनसोबती'. सहा दिवस शिकवणी, दुपारचं जेवण आणि शेवटी गळ्यात घालायचं कार्ड. मी कार्डासाठी गेले होते, खोटं कशाला बोलू.

शिकवायला एलिसा. वसईच्या वाडीतली ख्रिस्ती पोरगी, सव्वीस वर्षांची, मनाचं शास्त्र शिकलेली. केस खांद्यापर्यंत कापलेले, आवाज मऊ, आणि सगळ्यांना मावशी-काका म्हणायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तुमच्या शेजारचे आजोबा नीट जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, दिवसभर पडून असतात. तुम्ही काय म्हणता?"

आम्ही बारा जण एका सुरात म्हणालो, "वय झालं."

तिने ते दोन शब्द फळ्यावर लिहिले आणि त्यांच्यावर भली मोठी फुली मारली. म्हणाली, "ताप आला तर वय झालं म्हणता? पाय मोडला तर? मग मन आजारी पडलं की वय कुठून आलं?" मी चौसष्ट वर्षांची, आणि हे मला सव्वीस वर्षांच्या पोरीने सांगावं याचा थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवशी ऐकायचा सराव. समोरचा बोलेल, आपण नुसतं ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. माझ्या वाट्याला चांदीपचे एक निवृत्त मास्तर आले. एलिसाने घड्याळ लावलं. दीड मिनिटात मी मास्तरांना गुडघ्याला लावायचं तेल सांगितलं, सुनेला कसं वळणावर आणावं ते सांगितलं, आणि त्यांच्या धाकट्या मुलीसाठी एक स्थळही सुचवलं.

एलिसा हळूच म्हणाली, "मावशी, सर त्यांच्या वारलेल्या भावाबद्दल सांगत होते."

मास्तर बिचारे हसले. मी मात्र त्या दुपारी जेवणाचं ताट तसंच परत केलं. कारण मला आठवले हरेश्वर भावजी.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे जिवलग मित्र. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठे, म्हणून मी आजही त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेते. आमचं जूचंद्र रांगोळीचं गाव. इथले बाप्येसुद्धा चिमटीत रांगोळी धरून माणसाचा चेहरा असा काढतात की बघणारा म्हणतो, आता बोलेल. त्या सगळ्यांत भावजींचा हात वरचा. शेतीची कामं सांभाळून चाळीस वर्षं दिवाळीच्या प्रदर्शनात त्यांची रांगोळी मधोमध असायची. पण त्या भाद्रपदाआधीच्या दिवाळीला एका कोळिणीचा चेहरा काढता काढता त्यांचा हात थरथरला आणि नाकावरून कानापर्यंत काळी रेघ गेली. कोणी काही बोललं नाही. पाडव्याला मंडळाने त्यांचा सत्कार केला, शाल, नारळ, टाळ्या, "काका, आता आराम करा."

त्यांनी आराम केला तो असा की खाटेवरून उठेचनात. दार ओलांडणं बंद, जेवण चिमणीएवढं. मी दिवसाआड जायची आणि उंबऱ्यातूनच सुरू व्हायची, "उठा भावजी, जरा चालून या, चंडिकेच्या देवलाच्या पायऱ्या चढा, चित्र काढा, बरा वाटंल." माझ्या प्रत्येक सल्ल्यामागे ते इंचभर भिंतीकडे सरकले. भाद्रपद येईपर्यंत त्यांचं नाक भिंतीला टेकलं होतं.

चौथ्या दिवशी एलिसाने धोक्याच्या खुणा सांगितल्या. त्यातली एक अशी, की माणूस आपल्या जिवाभावाच्या वस्तू देऊन टाकायला लागला तर सावध व्हा. आठच दिवसांपूर्वी भावजींची सून रचना मला म्हणाली होती, "काकी, बाबांनी रंगांचे डबे आन चाळण्या भंगारवाल्याला द्याला सांगितल्या. मी माळ्यावर लपवून ठेवल्यात." आणि मी काय म्हणाले होते? "बरा झाला, घरातली अरगल कमी झाली."

संध्याकाळी एलिसाला सगळं सांगितलं. तिने मला दोष दिला नाही की घाबरवलं नाही. म्हणाली, "उद्या वर्गाला येऊ नका, त्यांच्याजवळ जाऊन बसा. वीस मिनिटं. चहा घेऊ नका, नाहीतर घरातले धावपळ करतात. फोन बंद. त्यांच्या पातळीला बसा. गप्प. ते बोलले तर ऐका. आणि मावशी, शेवटी तो प्रश्न सरळ विचारायचा."

तो प्रश्न म्हणजे, जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का. वर्गात सरावासाठीसुद्धा तो माझ्या तोंडातून निघाला नव्हता. आमच्यात असलं अभद्र बोलत नाहीत. बोललं की वास्तू तथास्तु म्हणते. एलिसाचं म्हणणं उलट होतं. विचारल्याने माणसाच्या डोक्यात ते येत नाही. आलेलं असेल तर सांगायला वाट मिळते. मला ते पटलं होतं, पण पटणं वेगळं आणि जीभ वळणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी अकराला मी गेले. संस्थेने दिलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, एकांत खोली निवडा, दार बंद करा. ज्याने लिहिलं त्याने जूचंद्र पाहिलं नसावं. इथे दिवसा दार बंद केलं तर अर्ध्या तासात पोलीस येतील. भावजी पुढच्या खोलीतच खाटेवर, भिंतीकडे तोंड करून, पांढरी चादर कानापर्यंत ओढून झोपले होते. खाटेला लागून जमिनीवर मी बसले, पदर डोक्यावरून सारखा केला, हात मांडीवर ठेवले. रचनाला खुणेनेच चहा नको म्हटलं. ती डब्याचं जेवण करून विकते. दाराजवळ बसून पाच किलो कांदा चिरत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला पंख्यावरची धूळ दिसली आणि रचनाला सांगायला तोंड उघडलं, ते तसंच मिटलं. पाचव्या मिनिटाला जीभ दाताखाली धरली. आठव्या मिनिटाला नवऱ्याची आठवण आली. पाचच मिनिटं मागितली होती बिचाऱ्याने. मग डोळे भरून आले, ते मी पदराने पुसले.

नेमकी त्याच वेळी कृष्णाबाई दारावरून गेली.

कृष्णाबाई आमच्या गल्लीतलं सगळ्यात जुनं वर्तमानपत्र. वय पंचाहत्तर, गुडघे गेलेले, पण बातमी असली की पळते. तिने काय पाहिलं, ते तुम्हीच बघा. आमच्याकडे मयताच्या घरी बाई समाचाराला जाते ती अशीच बसते. काय चाललंय विचारत नाही, चहापाणी घेत नाही, डोक्यावर पदर, नजर खाली. कृष्णाबाईला दिसली खाटेवरची पांढरी चादर, सुनेच्या डोळ्यांना धार, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे रंभा गप्प. चादरीवर, कांद्यावर तिने एक वेळ संशय घेतला असता. पण रंभा गप्प म्हटल्यावर तिला दुसरा पुरावा नको होता.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी मिनिटं मोजत होते. चौदाव्या मिनिटाला खाट करकरली. भावजींनी हळूहळू कूस बदलली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं. बराच वेळ मला न्याहाळलं.

"वयनी," ते म्हणाले, "तुमची तब्बेत बरी हाय ना?"

मी मान हलवली.

"मंग बोलत का नाय?"

"ऐकाला आयलेय," मी म्हणाले. इतकं छोटं वाक्य मी जन्मात बोलले नव्हते.

ते छताकडे बघत राहिले. ओठ हलले, थांबले. "त्या दिवशी," भावजी म्हणाले, "त्या सत्काराच्या दिवशी ना वयनी..."

"आरं माज्या भावाऽऽ! गेलास रं आमाला टाकूनऽऽ!"

दारातून कृष्णाबाई आत आली आणि तिच्यामागे अकरा बायका. कोणाच्या हातात तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, कोणाकडे वालाच्या बिरड्याचं पातेलं, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. त्यांच्यामागे खांद्यावर पंचे टाकलेले तीन बाप्ये. एकाने बांबू कुठून तोडायचे हेही ठरवलं होतं. कृष्णाबाईने खाटेच्या पायावर डोकं टेकून हंबरडा फोडला.

भावजी उठून बसले.

जो काही आरडाओरडा झाला, तो म्हणे पलीकडच्या कामण गावापर्यंत ऐकू गेला. बिरड्याचं पातेलं जमिनीवर, दोन बायका ओटीवरून खाली, आणि कृष्णाबाई जागच्या जागी बसली ती तोंड उघडं टाकून. भावजींनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

"कोन मेला?" त्यांनी विचारलं.

बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. शेवटी बांबूवाला खाली बघत म्हणाला, "काका, तुमीच."

भावजींच्या छातीतून एक आवाज निघाला. मला वाटलं ठसका लागला. रचना पाणी घेऊन धावली. पण तो ठसका नव्हता, हसू होतं; इतके दिवस वापरात नव्हतं म्हणून गंजलेलं. खाट गदगदा हलत होती. ते हसायला लागले तसे सगळेच हसायला लागले, कृष्णाबाई सोडून. ती माझ्याकडे बोट रोखून म्हणाली, "हिचा दोष हाय! ही गप कशाला बसली?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण एलिसाने सल्ला द्यायला मना केलं होतं, भांडायलाही असणारच.

तेवढ्यात रचनाचा फोन टुणटुण करायला लागला. गावाच्या ग्रुपवर भावजींचा फोटो पडला होता, तोच सत्कारातला, शाल-नारळ घेतलेला, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हात जोडलेली चित्रं शंभराच्या वर गेली होती. रचना फोन लपवायला लागली, भावजींनी तो तिच्या हातून घेतला. चष्मा लावला. एकेक वाचायला लागले. रांगोळीचा राजा गेला. गावाचं भूषण हरपलं. त्यांचं हसू ओसरलं.

"सत्काराला पन हेच बोल्ले होते," ते म्हणाले. "एक शब्द वेगला नाय."

खोलीतली माणसं खाली बघायला लागली. भावजींचा अंगठा पुढे सरकत होता, मग एका जागी थांबला. तो निरोप त्यांनी मोठ्याने वाचला. तेजस्वीचा होता, वरच्या आळीतल्या एकवीस वर्षांच्या पोरीचा, जी आता प्रदर्शनात मधोमध बसते. 'आजोबा, माझ्याकडून कातडीचा रंग अजून जमत नाही. माणूस आजारी दिसतो. तुम्हाला विचारायला येणार होते, पण सगळे म्हणाले त्यांना त्रास देऊ नको. आता कोणाला विचारू?'

भावजींनी तो निरोप पुन्हा एकदा मनात वाचला. मग म्हणाले, "पांढरा जास्त टाकीत आसंल ती. सगल्यांची तीच चूक." आणि फोन खाली ठेवून चादरीच्या टोकाने डोळे पुसले.

गर्दी पांगेपर्यंत दुपार झाली. मुलगा अल्पेश वसईच्या कारखान्यातून मोटारसायकल उडवत, रडत आला, तर बाप खाटेवर बसून स्वतःच्याच दुखवट्याची भाकरी खात होता. दीड भाकरी खाल्ली. अल्पेशने त्यांना मिठी मारली, मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण रचनाने त्याला आत नेलं.

मी तिथेच बसले होते. माझी वीस मिनिटं केव्हाच संपली होती, पण भावजींचं ते वाक्य अर्धं राहिलं होतं. मी काही विचारलं नाही. चार वाजता त्यांनी आपणहून ते पुरं केलं.

"हात हालला त्याचा दुख नाय वयनी. हात हालला तवा कोन काय बोलला नाय, त्याचा हाय. कोनीतरी वरडाला पायजे होता, 'म्हाताऱ्या, पूस ता, परत काढ.' सगले गप. मंग शाल दिली. शाल दिली का समजाचा, आपला झाला."

ते तासभर बोलले. झोप कशी लागत नाही, पहाटे चारला छाती कशी भरून येते, सुनेच्या हातचं चांगलंचुंगलं मातीसारखं कसं लागतं, आणि याची लाज कशी वाटते, कारण घरात काही म्हणजे काही कमी नाही. माझ्या जिभेवर निदान चाळीस सल्ले येऊन गेले. मी एकेक गिळला. पोट भरलं माझं त्या सल्ल्यांनी.

मग ते थांबले आणि माझी वेळ आली. मनात म्हटलं, चंडिकेआई, अभद्र बोलतेय, पण तूच ऐक.

"भावजी, जगूच नये, असा वाटतं का तुमाला?"

रचनाची सुरी आत थांबली. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता पुन्हा भिंत. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. डोक्यावरचा भारा कोणी हात लावून उतरवला की माणसाचा होतो, तसा तो चेहरा झाला.

"वाटतं," ते म्हणाले. "सकाली डोले उघडूच नयेत, असा वाटतं. आजवर कोनी इचारला नाय."

मला रडू आलं आणि मी रडले. ऐकणाऱ्याने रडू नये असं पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

त्यांच्यासमोरच मी एलिसाला फोन लावला. ती दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाआधीच घरी येऊन भावजींशी निवांत बोलली, रात्री सोबत कोणी झोपायचं ते ठरवलं, आणि येत्या गुरुवारचा नंबर लावला. अडला तो अल्पेश. पोरगा वाईट नाही. पण म्हणाला, "काकी, बाबांना वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं? गाव काय म्हणेल?"

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून उत्तर आलं.

"गावानी मना मारून झाला, बांबूपन तोडाला निगाले होते. आता आनखी काय बोलतील? मेलेल्या मानसाला कसली लाज?"

गुरुवारी तोच त्यांना गाडीवरून घेऊन गेला.

आता तुम्हाला वाटेल की डॉक्टरने गोळी दिली आणि भावजी उड्या मारायला लागले. तसं काही झालं नाही. पहिल्या गुरुवारी डॉक्टर रजेवर होते. मी तिथल्या खिडकीवर माझा अंगणवाडीचा आवाज काढला, एलिसाने तिकडून फोन फिरवले, तेव्हा दोन दिवसांनी दुसरीकडे नंबर मिळाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मनाचा आजार आहे, बरा होतो, पण औषधाला तीन-चार आठवडे धीर द्या. हाताच्या थरथरीसाठी नसांच्या डॉक्टरला वेगळं दाखवा. ते चार आठवडे कठीण गेले. भावजी दोन दिवस बसायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंत. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायची आणि गप्प बसायची. आणि जायच्या आधी, एलिसाच्या सांगण्यावरून, गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची, "हरेश्वर भावजींकरं बसाला चाललेय! कोन मेलेला नाय!" पुढच्या तुकडीच्या पुस्तिकेत एलिसाने ते घातलंय. दार बंद करा ही ओळ काढली आणि तिथे लिहिलं, बसण्यापूर्वी शेजाऱ्यांना कल्पना द्या.

तेजस्वी मात्र त्या खोट्या मरणाच्या दुसऱ्याच दिवशी आली होती. काही न बोलता तिने खाटेजवळ तिची रांगोळीची पिशवी उघडून ठेवली. पहिले पंधरा दिवस भावजींनी तिच्याकडे बघितलंही नाही, आणि तिला आम्ही बजावलं होतं की आग्रह करायचा नाही. एका शुक्रवारी मी पोचले तर रचना माळ्यावरून डबे काढत होती. खाली भावजी बसले होते, हात थरथरत होता, आणि थरथरत्याच हाताने पिवळ्यात नारिंगी मिसळत तेजस्वीला म्हणत होते, "म्हाताऱ्या मानसाच्या कातडीत पांढरा चिमूटभर. बाकी सगला उन्ह."

दिवाळीला प्रदर्शनात मधोमध तेजस्वीची रांगोळी होती. चेहरा कोणाचा म्हणाल, तर कृष्णाबाईचा. भावजींचीच कल्पना. म्हणाले, मना मारला तिनी, तिला आमी अमर करतो. सुरकुती न् सुरकुती, कानातली कुडी, आणि खाली दोन नावं: रेखाटन तेजस्वी, रंग हरेश्वर. भावजी शेजारी खुर्चीवर बसले होते. कोणी रांगोळीत चूक काढली की त्यांना बरं वाटायचं, मोठ्याने वाद घालायचे.

कृष्णाबाई आली, काठी टेकत. मी तयारीतच होते. ही आता रांगोळीवरून मला बोलणार. ती रांगोळीभोवतीच्या दोरीला धरून उभी राहिली आणि बघत राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली. कृष्णाबाई गप्प. मला काळजी वाटायला लागली.

"आठ तास मना समोर बसवून ती पोरगी माज्या तोंराकरं बगत होती," ती शेवटी म्हणाली. एवढ्या हळू आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आमचा म्हातारा गेल्यापासना इतका येल कोनी बगितला नाय गो, रंभे."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा मुलगा विरारला फ्लॅटमध्ये, ही एकटी, टीव्ही सकाळपासून चालू. दारोदार बातम्या का वाटत फिरते, हे चौतीस वर्षं पोरांची मनं ओळखण्याचा पगार घेणाऱ्या बाईला कधी सुचलं नव्हतं. माझ्या जिभेवर सल्ला आला. मी तो गिळला.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माज्याकरं कवा बसशील?"

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भावजी उठून आमच्याजवळ आले, थरथरता हात त्यांनी कृष्णाबाईच्या काठीवर ठेवला.

"उद्या सकाली येतो, दोगंपन," ते म्हणाले. "पन पयला गल्लीत सांगून ये, कृष्णे, का तू जिती हायस."